फुईचा आवाज आणि तो लाल दिवा

"पोरी, हाऊ मन्हा आवाज नही शे."

फुईने हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि ती पुन्हा चिंचा फोडायला बसली. माझा चेहरा पडला. मोठ्या हौसेने रेकॉर्ड केलेली तिची गाणी तिला ऐकवायला मी उन्हातान्हाची दोंडाईच्याहून तिच्या खेड्यावर गेले होते. वाटलं होतं, म्हातारी खूश होईल, शेजारपाजारच्या बायकांना बोलावून ऐकवेल. पण खरं सांगू? फुईचं काहीच चुकलं नव्हतं. त्या यंत्रातून येत होता तो तिचा आवाज नव्हताच. फुटक्या पत्र्यावर कोणी चमचा घासावा, तसं काहीतरी होतं ते.

ही २०१८ सालची गोष्ट. फुई म्हणजे माझी आत्या. आमच्या खान्देशात आत्याला फुई म्हणतात, हे बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगितलं. शाळेत कधी गेली नाही, पण आखाजीची, झोक्यावरची, कानबाईची, लग्नातली मिळून किती गाणी तिच्या पोटात होती, त्याचा हिशेब तिलाही नव्हता. आणि तिचा आवाज! चार घरं सोडून कोणी जात्यावर बसलं असलं तरी फुई गायला लागली की ती बाई हात थांबवून ऐकायची.

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मनात एकच होतं, फुईची गाणी जपून ठेवायची. वहीत लिहून घ्यायला मी आधीच सुरुवात केली होती. पण लिहिलेलं गाणं म्हणजे वाळलेलं फूल. आपल्या बहिणाबाईंचंच बघा ना. १८८० साली आसोद्याला जन्मलेली ही माउली १९५१ साली गेली. मुलगा सोपानदेवांनी आणि नात्यातल्या मंडळींनी तिची गाणी वेळोवेळी टिपून घेतली होती, म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकात आली. ते कागद नसते तर आपण केवढ्या खजिन्याला मुकलो असतो! पण जात्याची घरघर चालू असताना ती स्वतः कुठल्या चालीत म्हणायची, कुठे थांबायची, कुठे श्वास घ्यायची, हे कागद कसं सांगणार?

म्हणून मी ठरवलं, फुईचा आवाजच धरून ठेवायचा. भाच्याकडे हातात मावेल एवढा एक डिजिटल रेकॉर्डर होता. त्याने तो दिला, सुरू-बंद कसा करायचा ते दाखवलं आणि तो पुण्याला निघून गेला. मी आखाजीच्या दिवशी फुईकडे हजर!

लाल दिवा लागला आणि मी खूश!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे सासुरवाशिणींची दिवाळीच ती. लेकी माहेरी आलेल्या, खापरावरची पुरणपोळी नि आमरस झालेला, निंबाच्या झाडाला झोका बांधलेला. फुईभोवती सहा-सात जणी जमल्या. रेकॉर्डरवर एक चाक होतं, त्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे. फुई माझ्याशी हळू आवाजात बोलत होती तेव्हा पडद्यावरची रेघ जेमतेम हलत होती. मी विचार केला, म्हातारीचा आवाज बारीक यायला नको. चाक फिरवत फिरवत थेट दहावर नेलं आणि रेकॉर्डर तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला.

गाणं सुरू झालं. एक ओळ फुई म्हणायची आणि तीच ओळ सगळ्या जणी उचलून धरायच्या. रेकॉर्डरवरचा एक लाल दिवा लुकलुक करायला लागला. मला वाटलं, वा, रेकॉर्डिंग जोरात चालू आहे! मध्येच एकदा मनात शंका आली, आवाज फार होतोय का? तर मी काय केलं असेल? बायकांना हाताने खूण केली, "जरा हळू गा गं." त्या बिचाऱ्या लगेच दबकून गायला लागल्या. गाण्यातला जीवच गेला. मग फुईनेच मला दटावलं आणि पुन्हा सगळ्या मोकळ्या आवाजात गाऊ लागल्या.

अकरा गाणी झाली. घरी येऊन ऐकली तर प्रत्येक गाण्यात जिथे आवाज चढतो, नेमकी तिथे खरखर, तडतड. आधी वाटलं, टीव्हीचा स्पीकर बिघडलाय. आवाज कमी करून पाहिला, तर खरखर तशीच, फक्त हळू! हेडफोन लावला, तरी तेच. तोच हेडफोन घेऊन मी फुईकडे गेले होते आणि तिने एका वाक्यात निकाल दिला.

विद्यार्थ्याने धरला बाईंचा कान

दोंडाईचा बाहेरच्यांना माहीत असतं ते मिरचीमुळे. पण आमच्या गावात लग्नसराईतला दणदणाटही काही कमी तिखट नसतो! माझा एक जुना विद्यार्थी मंडप आणि साऊंडचा धंदा करतो. हळद असो की कानबाईची मिरवणूक, माईक त्याचाच. शाळेत असताना मी त्याचा कान बऱ्याचदा पिळलाय. रेकॉर्डिंग घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने दहा सेकंद ऐकलं आणि विचारलं,

"बाई, आवाज फाटलाय. गेन किती ठेवला होता?"

"गेन म्हणजे?"

"ते चाक हो. कितीवर होतं?"

"दहापैकी दहा."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. खुर्ची ओढून मला बसवलं आणि समजावून सांगायला लागला. त्या दिवशी मी जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

माईकसमोर आपण बोलतो तेव्हा हवेच्या कंपनांची माईक अगदी बारीकशी वीज बनवतो. किती बारीक? स्टेजवर असतो तशा साध्या माईकजवळ बोललं तर जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. म्हणजे एका व्होल्टचा हजारावा-पाचशेवा हिस्सा! एवढीशी वीज घेऊन पुढचं यंत्र काही करू शकत नाही. म्हणून माईकच्या पाठोपाठ पहिलं काम असतं ती वीज मोठी करायचं. ते काम करणारा भाग म्हणजे प्रीअ‍ॅम्प. ती किती पट मोठी करायची, हे ठरवणारं चाक म्हणजे गेन. साठ डेसिबलचा गेन दिला की वीज हजार पट होते.

मग व्हॉल्यूम म्हणजे काय? मीही हेच विचारलं. तो म्हणाला, "बाई, गेन आत येणाऱ्या आवाजाचा, व्हॉल्यूम बाहेर जाणाऱ्या आवाजाचा." टीव्हीचा आवाज मी कमी केला तरी खरखर का गेली नाही, ते तेव्हा कळलं. आवाज आत येतानाच फाटला होता. फाटलेली साडी दुरून पाहिली म्हणून काही शिवली जात नाही.

पातेलं काठोकाठ भरू नका

आता महत्त्वाचं. डिजिटल रेकॉर्डरला एक छत असतं. त्या छताला शून्य म्हणतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण इथे सगळे आकडे शून्याच्या खाली मोजतात: उणे साठ म्हणजे अगदी हळू, उणे बारा म्हणजे चांगला खणखणीत, आणि शून्य म्हणजे संपलं. शून्याच्या वर लिहायला यंत्राकडे आकडाच नसतो. आवाजाची लाट डोंगरासारखी वर गेली, पण छत मध्ये आलं, की डोंगराचा माथा सपाट कापला जातो. हा कापलेला माथा म्हणजेच ती तडतड. साऊंडवाले याला 'क्लिप झाला' म्हणतात, आपण साध्या भाषेत 'आवाज फाटला' म्हणतो. आणि तो लुकलुकणारा लाल दिवा? तो नेमका हेच ओरडून सांगत होता, की बाई, माथा कापला जातोय, चाक खाली घ्या! मी मात्र त्याच्याकडे कौतुकाने बघत बसले होते.

गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज आणि ते छत, यांच्यामध्ये आपण जी मोकळी जागा ठेवतो तिला हेडरूम म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या रोजच्या स्वयंपाकघरातली आहे. दूध तापवायला आपण पातेलं काठोकाठ भरतो का? दूध थंड असताना पातेल्यात नीट मावतं, पण उकळी आली की फुगून वर येतं. म्हणून आपण वर चार बोटं जागा ठेवतो. फुई गप्पा मारत होती तेव्हा दूध थंड होतं. त्या थंड दुधाला मापून मी पातेलं काठोकाठ भरलं. सात जणींनी सूर लावल्यावर उकळी आली आणि सगळं उतू गेलं!

मी विचारलं, "अरे, पण तुझ्या त्या संगणकावर हे दुरुस्त नाही का होणार?" तो म्हणाला, "थोडंफार होतं. कापलेला माथा कसा असेल याचा अंदाज बांधून ठिगळ लावणारी सॉफ्टवेअर आहेत. पण ते ठिगळच."

हे मला शिवणकामावरून लगेच पटलं. ब्लाऊज शिवताना आत जरा कापड सोडलं असेल तर पुढे उसवून सैल करता येतं. पण कापडच कापून टाकलं असेल तर? रेकॉर्डिंगचंही तसंच आहे. थोडा हळू घेतलेला आवाज नंतर मोठा करता येतो. कापलेला परत जोडता येत नाही.

मग आम्ही लेव्हल फुल का ठेवायचो?

तुमच्यापैकी ज्यांनी टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरल्या असतील, त्यांना आठवत असेल. लेव्हलचा काटा लाल भागापर्यंत गेला पाहिजे, असंच आपल्याला सांगितलेलं असायचं. ते काही चुकीचं नव्हतं. कॅसेटच्या फितीची स्वतःचीच एक सरसर असते. आवाज हळू भरला तर तो त्या सरसरीत बुडायचा. शिवाय फितीला शून्याचं असं कडक छत नव्हतं. आवाज जास्त झाला तर ती हळूहळू दबायची, थोडं सोसून घ्यायची. डिजिटलला असं सोसणं माहीत नाही. शून्यापर्यंत सगळं लख्ख, त्यापुढे एकदम कुऱ्हाड.

पण डिजिटलने एक मोठी सोय केली आहे. आवाज साठवताना त्याची उंची पायऱ्यांमध्ये मोजली जाते. १६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात आणि २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त. दर बिटला साधारण ६ डेसिबलची भर, म्हणजे १६ बिटला ९६ आणि २४ बिटला कागदावर १४४ डेसिबल. प्रत्यक्षात यंत्राच्या स्वतःच्या सुंसुं आवाजामुळे तेवढं हाती लागत नाही. तरी जिना एवढा उंच आहे की वरच्या बऱ्याच पायऱ्या मोकळ्या ठेवल्या तरी आवाजाचं काही बिघडत नाही. म्हणून २४ बिट निवडायचं आणि बिनधास्त जागा सोडायची.

किती जागा? साधं माप असं: नेहमीचं गाणं उणे १८ ते उणे २० च्या आसपास राहावं आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये कुठेतरी थांबावा. शून्याला कधीच शिवू नये.

"मग चाक अगदी खालीच ठेवते," मी म्हटलं. तर म्हणे, तेही नको. गेन फारच कमी ठेवला तर आवाज इतका खाली राहतो की नंतर वर ओढताना यंत्राची सुंसुं, पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण सगळंच त्याच्याबरोबर वर येतं. पातेल्यात तळाला घोटभर दूध तापवलं तर ते लागतं, तसंच हे. फार वर नको, फार खालीही नको.

माईकपर्यंत चालत गेलेली लता

गेनच्या चाकाशिवाय आणखी एक चाक आपल्याजवळ असतं आणि ते फुकट असतं. ते म्हणजे अंतर! माईकपासूनचं अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वीतभर अंतरावर धरलेला रेकॉर्डर मी दोन हात लांब ठेवला असता, तरी बरंच निभावलं असतं.

यावरून लतादीदींची एक आठवण सांगते. त्या आपल्या भाचीच, बरं का! त्यांची आई, माई मंगेशकर, थाळनेरच्या. आमच्या धुळे जिल्ह्यातलं, शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. १९४९ साली आलेल्या 'महल' चित्रपटातल्या 'आयेगा आनेवाला' या गाण्याचं रेकॉर्डिंग कसं झालं, हे लतादीदींनी पुढे मुलाखतीत सांगितलं होतं. गाण्याच्या सुरुवातीला आवाज दुरून येतोय आणि हळूहळू जवळ येतोय, असं वाटायला हवं होतं. मग काय केलं? माईक खोलीच्या मध्यभागी ठेवला, लतादीदी कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत माईकपर्यंत चालत आल्या. संगीतकार होते खेमचंद प्रकाश. आज हेच काम बसल्या जागी चाक फिरवून करता येईल. पण दुरून येणाऱ्या आवाजाचा पोत वेगळाच असतो, त्यात खोलीचा घुमारा मिसळलेला असतो. तो चाकाने येत नाही.

मला यातली एक गोष्ट फार भावली. यंत्राला जमत नाही म्हणून गाणारीला आवाज दाबायला कोणी सांगितलं नाही. तिची जागा बदलली. आणि मी? मी सात बायकांना म्हटलं होतं, "जरा हळू गा गं." लहानपणापासून आपल्याला काय कमी वेळा सांगितलं जातं का, हळू बोल, हळू हस, मोठ्या माणसांसमोर आवाज चढवू नको! आखाजीचा झोका ही त्यातल्या त्यात मोकळी जागा. तिथेही मी तेच सांगितलं, आणि तेही एका वीतभर यंत्रासाठी. गाणारीचा आवाज कमी करायचा नसतो मैत्रिणींनो, चाक कमी करायचं असतं.

एक लाख ओव्या

बायकांचा आवाज जपण्याचं केवढं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालंय, हे मला नंतर कळलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. थोड्याथोडक्या नाहीत, एक लाखाहून जास्त! विजेच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, त्याबरोबर ओव्याही जाणार, हे त्यांनी वेळीच ओळखलं. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्हींतले जाणकार त्यांना मिळाले आणि शंभराहून जास्त तासांचं रेकॉर्डिंग झालं. गी पॉईटवाँ २००४ साली आणि हेमाताई २०१० साली गेल्या. पण 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संस्थेने हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून त्या ओव्या आवाजासकट इंटरनेटवर यायला लागल्या. तुम्हीही मोबाईलवर ऐकू शकता. ऐकताना लक्ष द्या. गाणाऱ्या बाईचा श्वास, जात्याचा दगड, मध्येच आरवणारा कोंबडा, सगळं कसं जागच्या जागी आहे!

ते ऐकलं आणि मी ठरवलं, फुईची गाणी पुन्हा घ्यायची.

कानबाईला सराव, आखाजीला परीक्षा

आधी सराव केला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत कानबाई बसल्या, रात्रभर गाणी झाली. मी एका कोपऱ्यात रेकॉर्डर घेऊन. पहिला धडा तिथे मिळाला: लेव्हल बघायची ती बोलण्यावर नाही, सगळ्यात चढ्या गाण्यावर. आधी सगळ्यांना एक कडवं मनापासून गायला सांगायचं, त्यावर चाक लावायचं आणि वर आणखी थोडी जागा सोडायची. कारण तपासणीच्या वेळी माणूस लाजत गातो. खरं गाणं रंगलं की आवाज हमखास चढतो. माझ्याच रेकॉर्डरवर पाहिलं, बाया बोलताना आकडा उणे ३० च्या आसपास होता आणि सगळ्या मिळून गायला लागल्या की उणे १० पर्यंत उडी!

दुसरा धडा मोबाईलने दिला. माझ्या पुतणीने तेच गाणं मोबाईलवर घेतलं होतं. मोबाईल बहुतेक वेळा गेन स्वतःच कमी-जास्त करतो. त्यामुळे गाणं थांबलं की पंखा घोंगावायला लागतो आणि गाणं सुरू झालं की आवाज दबकन खाली बसतो. गाण्याचा चढ-उतार सपाट होतो. गप्पांसाठी हे चालतं, गाण्यासाठी नाही. म्हणून रेकॉर्डरवर 'ऑटो' असेल तर तो बंद करायचा.

आणि मग २०१९ ची आखाजी. तोच निंब, तोच झोका. या वेळी रेकॉर्डर स्टुलावर, खाली जाड गोधडीची घडी, फुईपासून दोन हातांवर. चाक दहावरून चारवर. पंखा बंद. "आता गा," मी म्हटलं, "पाहिजे तेवढ्या मोठ्याने गा!"

लाल दिवा एकदाही लागला नाही. मशीन जवळजवळ झोपलंय असंच वाटत होतं. रेघ अर्ध्यावरच हलायची आणि माझा जीव खालीवर. मध्येच चाक वाढवायचा मोह झाला, पण हात मागे घेतला. घरी येऊन संगणकावर आवाज थोडा वर उचलला. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे दोन मिनिटांचं काम. आणि काय सांगू, फुई माझ्यासमोर बसून गातेय असं वाटलं. तिच्या बांगड्या वाजत होत्या, झोक्याची दोरी कुरकुरत होती, चढ्या ओळीवर सातही आवाज वेगवेगळे ऐकू येत होते.

पुन्हा हेडफोन घेऊन तिच्याकडे गेले. तिने डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. मग म्हणाली, "हां. आते मी शे."

दोन ओळी

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण त्या एका वर्षात फुई विसरायला लागली होती. आखाजीचं एक लांबलचक गाणं होतं, माहेराहून सासरी परत निघालेल्या लेकीचं. ते इतर कोणाला येत नव्हतं, बाकीच्या तिच्या मागे नुसत्या म्हणायच्या. २०१९ ला त्या गाण्याच्या मध्यावर फुई अडली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडली. "गई व पोरी," एवढंच म्हणाली.

आता ते मधलं कडवं फक्त एकाच ठिकाणी होतं, माझ्या त्या फाटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये. मी ते शंभरदा ऐकलं. शेजारच्या म्हाताऱ्यांना ऐकवलं. माझ्या विद्यार्थ्याने ठिगळ लावून दिलं, तेही ऐकलं. फुई एकटी म्हणते तो भाग बऱ्यापैकी कळतो. पण सगळ्या जणी साथ धरतात तिथे नुसती तडतड. एकेक शब्द जुळवत आम्ही कडवं जवळजवळ पुरं केलं. दोन ओळी मात्र काही केल्या लागल्या नाहीत. फुईला वाचून दाखवलं, ती नुसती हसली.

२०२१ साली फुई गेली.

म्हणून हा लेख. तुमच्याही घरात एखादी फुई असेल, आजी असेल, आजलसासू असेल. तिची गाणी, नवसाच्या कहाण्या, पापडाचं प्रमाण सांगतानाचं तिचं बोलणं, काहीही असो. पुढच्या सणाची वाट न बघता आजच घ्या. आणि घेताना एवढं लक्षात ठेवा:

- आधी सगळ्यात मोठ्या आवाजात थोडं म्हणवून घ्या, त्यावर लेव्हल लावा. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये थांबू द्या.
- लाल दिवा एकदा जरी लागला तरी गेन कमी करा आणि तेवढं गाणं पुन्हा घ्या. गाणारीला हळू गायला सांगू नका.
- रेकॉर्डर दोन हातांवर, हातात न धरता मऊ कापडावर ठेवा. पंखा, कूलर, टीव्ही बंद.
- निवड असेल तर २४ बिट, ४८,००० आणि 'वेव्ह' फाईल. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणून आधी कार्ड रिकामं करा.
- दोन-तीन मिनिटं घेऊन लगेच हेडफोनवर ऐका. मी हे एकदा जरी केलं असतं तर!
- अलीकडे '३२ बिट फ्लोट' असं लिहिलेले रेकॉर्डर मिळतात. त्यांत शून्याच्या वर गेलेला आवाजही नंतर खाली आणता येतो. पण माईकच सोसेनासा झाला तर तिथेही आवाज फाटतोच. म्हणून अंतर ठेवाच.
- मूळ फाईल कधी पुसू नका. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावी लेकीकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

ते फाटलेलं रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. दरवर्षी आखाजीला आमच्या घरी २०१९ ची गाणी लागतात आणि माझी नात फुईच्या मागे मोठमोठ्याने म्हणते. तिला कोणी हळू म्हण म्हणत नाही. लेकीच्या त्या गाण्याची वही तेवढी मी जवळ ठेवते. त्यात मधल्या कडव्यापाशी दोन ओळींची जागा अजून मोकळी आहे. कोणाच्या आजीला ते गाणं येत असेल, तर तिच्याजवळ बसा आणि आजच लिहून घ्या.